मुदतपूर्व निधन : एक चौकशी

मुंबईच्या मध्यमवर्गीय माणसाच्या अंगी परिस्थितीने जे काही मोजके सद्गुण बाणवले आहेत, त्यांत प्रतीक्षेचा क्रमांक पहिला लागावा. लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत रात्रभर तिष्ठून पहाटे चरणांपाशी पोहोचताच स्वयंसेवकाच्या हाताच्या एका रेट्यासरशी बाहेर फेकला जाणारा भक्त, गणपतीत गावी जायचे म्हणून पावसाळ्याच्या कितीतरी आधीपासून कोकण रेल्वेच्या आरक्षणाच्या तारखा पाठ करणारा परळचा चाकरमानी, किंवा केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात हातात केसपेपर घेऊन बाकावरच्या आपल्या जागेचे जिवापाड रक्षण करणारी वृद्धा, यांपैकी कोणीही अर्धे मिनिट उलटल्यावर उठून ‘माझी मुदत संपली, मी निघालो’ असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. असे म्हणण्याचा आणि म्हणून खरोखर निघून जाण्याचा अधिकार या शहरात फक्त यंत्राला आहे.

हा अधिकार त्याला पूर्वापार मिळालेला आहे. ग्रीनलंडसारख्या, जिथे घाई करण्याजोगे फारसे काही घडत नसावे अशा, हिमाच्छादित प्रदेशात जन्मलेल्या रास्मुस लर्डोर्फ या गृहस्थाने १९९५ साली पीएचपी नावाची संगणकीय भाषा जगापुढे ठेवली. आज जगातल्या असंख्य संकेतस्थळांचा गाडा तीच ओढते. तिच्या प्रस्थापित नियमावलीत असे एक कलम आहे की, कोणतीही स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरला नेमून दिलेले कोणतेही काम, ३० सेकंदांत न आटोपल्यास ते आहे त्या अवस्थेत बरखास्त करावे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपी पद्धतीत हीच मुदत ९० सेकंदांची होती. परंतु मोठ्या कंपन्यांना उसंत परवडते, हे सर्वज्ञात आहे.

या कलमाशी गिरगावातल्या एका पतपेढीची गाठ पडली, त्याची ही हकिकत. पतपेढी चाळीच्या तळमजल्यावर आहे. तिचे निम्म्याहून अधिक सभासद डोंबिवली, बदलापूर, विरार अशा दिशांना पांगले असले तरी ठेवी मात्र जुन्या पत्त्यावरच निष्ठेने पडून आहेत. सहकार कायद्याने सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे भाग. सभेत लाभांश जाहीर करणे भाग. तो १५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये हे पाहणेही भाग. एतदर्थ प्रत्येक सभासदाच्या नावापुढे त्याचे भाग, त्याचे कर्ज, त्याची थकबाकी आणि त्यास देय रक्कम दाखवणारी यादी करावी लागते. ही यादी पूर्वी एक वयोवृद्ध हिशेबनीस श्रावणभर बसून करीत आणि अनंत चतुर्दशीच्या आत पुरी करीत. पुढे संस्थेचे संकेतस्थळ झाले, आणि यादी एका बटणावर निघेल असे कार्यकारी मंडळाला सांगण्यात आले. बटण दाबले. पांढऱ्या पडद्यावरचे चक्र एक मिनिटभर फिरले आणि थांबले. यादीच्या जागी ‘५०४ गेटवे टाइमआउट’ एवढाच शेरा आला. सन्माननीय खजिनदारांनी तो दोनदा मोठ्याने वाचला आणि ही रक्कम कोणत्या खात्यातून वजा झाली, अशी पृच्छा केली.

माझा भाचा लोअर परळला, एके काळच्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत, हेच उद्योग करतो. त्याला पाचारण केले गेले. त्याने प्रथम खजिनदारांचेच म्हणणे ऐकून घेतले, कारण तीस सेकंदांच्या कलमाविषयी त्यांनी कोठूनतरी वाचले होते आणि त्यांचा उपाय तयार होता. “मुदतवाढ द्या,” ते म्हणाले. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला मुदतवाढ हे सर्व व्याधींवरचे रामबाण औषध वाटावे, यात नवल नाही. भाच्याने निमूटपणे ३० च्या जागी ३०० केले. बटण दाबले. चक्र फिरले आणि बरोबर साठाव्या सेकंदाला, पूर्वीच्याच वक्तशीरपणाने, यादी गतप्राण झाली.

येथे चाणाक्ष वाचकाला एक शंका यावी, आणि ती चिटणीसांनाही आली. मुदत तीसची असताना हे काम साठ सेकंद जगत होते आणि तीनशेची झाल्यावरही साठच सेकंद जगते, याचा अर्थ काय? आयुर्मर्यादा ठरवणारा अधिकारी आणि प्रत्यक्ष प्राण हरण करणारा अधिकारी हे दोन निराळे आहेत, एवढाच तो अर्थ. मृत्यू अकाली झाला आहे हे सर्वांना दिसते. परंतु तो कोणाच्या सहीने झाला, हे त्या ‘५०४’मध्ये लिहिलेले नसते.

“मामा, ही एक कचेरी आहे असं समजा,” भाचा म्हणाला, आणि त्या उपमेने मंडळातल्या सर्वांचे चेहरे उजळले, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाने कोणत्या ना कोणत्या कचेरीत हयात घालवली होती. अर्जदार प्रथम देवडीवर येतो. देवडीवर जो बसला आहे त्याचे नाव एन्जिनएक्स. रशियातील इगोर सिसोयेव याने तो घडवला आणि २००४ साली तो सर्वांना खुला झाला. देवडीवाला अर्ज घेऊन आत मुकादमाकडे देतो. मुकादमाचे नाव एफपीएम. मुकादमाच्या हाताखाली ठरावीक कारकून असतात. त्यांपैकी मोकळा असेल त्याच्यापुढे तो अर्ज टाकतो. तो कारकून म्हणजे आपली स्क्रिप्ट. कारकुनाला माहिती हवी असते ती दफ्तरखान्यातून, म्हणजे डेटाबेसातून आणावी लागते. या चौघांपैकी प्रत्येकाच्या खिशात स्वतःचे घड्याळ आहे, प्रत्येकाचा धीर निराळा आहे, आणि कोणाचा धीर किती हे इतरांना कळवण्याची पद्धत नाही. खजिनदारांनी मुदतवाढ मंजूर केली ती कारकुनाला. देवडीवाल्याला त्याचे परिपत्रकच गेलेले नव्हते. तो आपला साठ सेकंद वाट पाही आणि ‘आतून काही उत्तर नाही’ असे सांगून अर्जदाराला वाटेस लावी. आत कारकून बिचारा, अर्जदार निघून गेल्याची वार्ता नसल्यामुळे, पुढेही काही काळ इमानाने आकडेमोड करीत असे.

देवडीवाल्याच्या नियमाची खुबी अशी की, त्याचे साठ सेकंद एकूण कामाचे नसून शांततेचे आहेत. आतून एका अक्षरामागून दुसरे अक्षर येण्यास साठ सेकंदांहून अधिक लागले तरच तो दार लावतो; मधूनमधून काहीतरी बाहेर येत राहिले तर तो तासभरही उभा राहतो. हे ऐकताच चिटणीसांनी ओळखीचे स्मित केले. मंत्रालयातून दर महिन्याला ‘आपले प्रकरण विचाराधीन आहे’ असे पत्र येते, ते याच तत्त्वावर, हे त्यांनी स्वानुभवाने जाणले होते.

राहता राहिला प्रश्न असा की, तीसची मुदत असलेला कारकून साठ सेकंद जगला कसा. याचे उत्तर घड्याळांच्या द्वैतात आहे, आणि हे द्वैत मुंबईला नवे नाही. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानभर प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. रेल्वे एका वेळेने धावे, शहर दुसऱ्या वेळेने जेवी. सरकारने आपले ३९ मिनिटांचे आयुष्य परस्पर कापून घेतले, अशी लोकांची भावना झाली. त्याच जानेवारीत जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी नव्या वेळेचा निषेध घड्याळावर दगड फेकून नोंदवला. आणि महापालिकेने तर अर्धे शतक, थेट १९५५ पर्यंत, आपली जुनी मुंबई वेळ सांभाळली. गिरणीच्या दारात ज्याला उशीर झाला त्याला विचारावे लागे की, उशीर कोणत्या घड्याळाने झाला.

सर्व्हरवरही हाच प्रश्न विचारावा लागतो. विंडोज प्रणालीवर पीएचपीची मुदत भिंतीवरच्या घड्याळाने मोजली जाते. गेलेला प्रत्येक क्षण कारकुनाच्या नावे मांडला जातो. लिनक्सवरचा कायदा अधिक दयाळू आहे. तेथे कारकुनाने स्वतः डोके चालवले तेवढाच वेळ मोजतात; दफ्तरखान्यातून कागद येण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ, बाहेरच्या कोणाचे उत्तर येईपर्यंतचा वेळ आणि ‘स्लीप’ या आज्ञेने घेतलेली सरळसरळ झोप, हे सर्व मुदतीतून वगळले जाते. पतपेढीचा सर्व्हर लिनक्सचा. कारकुनाचा साठ सेकंदांतला बहुतेक काळ दफ्तरखान्याच्या दाराशी उभे राहण्यात जाई, आणि म्हणून त्याच्या तीस सेकंदांच्या मुदतीला धक्कादेखील लागत नसे. निद्राकाल सेवेत धरून वर तो मुदतीतून वगळणारा कायदा ज्याने लिहिला, तो पूर्वजन्मी आमच्या खात्यात असावा, असे मत खजिनदारांनी आदरपूर्वक व्यक्त केले.

देवडीवाल्याची मुदत वाढवली. आता अर्ज साठी ओलांडून गेला. मंडळाने टाळ्या वाजवल्या. आणि बरोबर १२० व्या सेकंदाला तो पुन्हा कोसळला. या वेळी शेरा निराळा होता, ‘५०२ बॅड गेटवे’. भाचा मात्र खूश दिसला. त्याचे म्हणणे असे की, या व्यवसायात मरण कोणत्या सेकंदाला आले हे लॉग उघडण्याआधी पाहावे. काम कधी ४३ व्या, कधी ७१ व्या, कधी ५८ व्या सेकंदाला पडत असेल तर तो दैवयोग समजावा. कोठेतरी स्मृती अपुरी पडते आहे किंवा मजकुरातच दोष आहे. परंतु ते दर वेळी ३०, ६०, ९०, १२०, ३०० अशा गोल आकड्यावर पडत असेल तर तो घातपात आहे, कारण निसर्गाला गोल आकड्यांचे वेड नाही. ते नियम करणाऱ्या माणसाला आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारलासुद्धा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळाला असेल. १२० हा आकडा मुकादमाचा निघाला. एफपीएमला मूळच्या नियमाने अशी कोणतीही मर्यादा नसते. परंतु सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने, भाडेकरूंच्या भल्यासाठी, ती घालून ठेवली होती, आणि ती मात्र झोप, जागृती वगैरे भेद न करता भिंतीवरच्या घड्याळानेच चालत होती.

या शोधाच्या ओघात आणखी एक रहस्य उलगडले. भाच्याने हुकूम बदलला तरी काही काळ परिणाम दिसत नव्हता, कारण पीएचपीच्या नियमांची वही एक नसते. सर्व्हरवर हाताने आज्ञा देणाऱ्यासाठी एक वही, संकेतस्थळावरून येणाऱ्यासाठी दुसरी. दोन्हींचे नाव तेच, मजकूर जवळजवळ तोच, फक्त राहण्याचे कप्पे निराळे. पहिल्या वहीच्या कामांना, वहीत काहीही लिहिलेले असो, मुदत मुळातच शून्य असते आणि येथे शून्य म्हणजे अमर्याद. पतपेढीसाठी पूर्वी काम करून गेलेल्या कोणा सद्गृहस्थाने वर्षापूर्वीच मुदतवाढ करून ठेवली होती. ती अर्थातच पहिल्या वहीत, जिथे तिची गरज नव्हती आणि जिथे ती कोणी वाचीत नव्हते. कोणती वही प्रत्यक्षात अमलात आहे हे सर्व्हरलाच विचारता येते. परंतु खालच्या पातळीवर विचारणा करून वरिष्ठांचा हुकूम पडताळून पाहणे हे आमच्या प्रशासकीय संस्कृतीत बसत नसल्याने ते कोणी केलेले नव्हते.

अमर्याद मुदतीचा उल्लेख निघाला तेव्हा मंडळाला तीच मागणी करण्याचा मोह झाला. सर्वांनाच शून्य करून टाका, म्हणजे कटकट मिटेल, असे चिटणीस म्हणाले. या ठिकाणी भाच्याने प्रथमच थोडा आवाज चढवला, आणि त्याची बाजू मला पटली. ज्या आवारात तो नोकरीस जातो, त्या परिसराला अमर्याद मुदतीचा अनुभव आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा आजतागायत कोणी केलेली नाही. गिरण्या गेल्या, भोंगे थांबले, धुराड्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. प्रकरण मात्र कागदोपत्री चालूच. ज्या कामाला मुदत नसते ते पुरे होईलच असे नाही; ते संपले असे सांगण्याची जबाबदारी मात्र कोणावरच राहत नाही.

सर्व्हरवर या अमर्यादेचा फटका त्रयस्थांना बसतो. मुकादमापाशी कारकून मोजके असतात. एफपीएमच्या मूळ व्यवस्थेत पाच. खजिनदार यादीचे बटण दाबीत आणि चक्र फिरू लागताच, कारकून झोपला असावा या स्वाभाविक समजुतीने, पुन्हा दाबीत. मग पान नव्याने मागवीत. मग खिडकीबाहेर चालत्या बसकडे एकदा पाहून पुन्हा मागवीत. प्रत्येक दाबण्यासरशी एक नवा कारकून तोच अर्ज घेऊन कामाला लागे. पण काम करण्यासाठी खजिनदारांच्या नावाची नोंदवही हाती हवी, आणि ती पहिल्या कारकुनाने कुलूप लावून आपल्यापाशी ठेवलेली. परिणामी एक कारकून दफ्तरखान्याच्या दाराशी उभा आहे, बाकीचे चौघे त्याच्या परत येण्याची वाट पाहत आहेत, आणि बदलापूरहून ठेवीवरचा व्याजदर पाहू इच्छिणाऱ्या निरुपद्रवी सभासदाला पान उघडत नाही, असा देखावा निर्माण होई. एका माणसाच्या अधीरतेने एवढे होते, तर लाखो पालकांच्या अधीरतेने काय होईल? १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला आणि निकालाचे संकेतस्थळ कित्येक तास कोलमडून पडले, तेव्हा उभ्या महाराष्ट्राने याचा प्रत्यय घेतला आहे. परीक्षा न देता उत्तीर्ण झालेल्या त्या तुकडीला वाट पाहण्याची परीक्षा मात्र चुकली नाही.

तात्पर्य, मुदत ही शिक्षा नव्हे. एका हट्टी कामाने साऱ्या कचेरीस वेठीस धरू नये म्हणून केलेली ती तरतूद आहे. गोंधळ होतो तो मुदत असल्यामुळे नव्हे, प्रत्येकाने आपापली मुदत परस्पर ठरवल्यामुळे. आणि अशा साखळीत अखेरचा शब्द नेहमी सर्वांत उतावळ्या माणसाचा ठरतो, मग इतर कितीही सहनशील असोत. मुदतवाढ द्यायचीच असेल तर बाहेरच्याला जास्त आणि आतल्याला कमी द्यावी, म्हणजे काम फसलेच तर निदान आतला माणूस कारण सांगून मरतो. परंतु मुदतवाढ देण्यापूर्वी, वेळ जातो कोठे, हा असभ्य प्रश्न विचारणे आवश्यक असते, आणि मंडळाच्या कोणत्याही सभेत तो विचारला गेला नव्हता.

भाच्याने तो विचारला. दफ्तरखान्याच्या दिरंगाईची वेगळी नोंद ठेवता येते. ती त्याने चालू केली आणि रहस्य तिथेच उघडे पडले. यादीतल्या काही हजार सभासदांपैकी प्रत्येकासाठी कारकून दफ्तरखान्यात स्वतंत्र खेप घालीत होता. आणि प्रत्येक खेपेला दफ्तरबंद संस्थेच्या स्थापनेपासूनची सर्व कर्जखाती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळून त्या एका इसमाची नोंद शोधीत होता, कारण सभासद क्रमांकाची अनुक्रमणिका कोणी केलीच नव्हती. वयोवृद्ध हिशेबनिसांनी हे ऐकून फक्त एवढेच विचारले, “म्हणजे खतावणीला अनुक्रमणिका नव्हती?” आणि चष्मा पुसला. त्यांच्या श्रावणभराच्या कामात अनुक्रमणिका पहिल्या दिवशी होत असे.

अनुक्रमणिका केली. हजारो खेपांच्या जागी सर्वांची माहिती एकदम मागवण्याची एकच खेप लिहिली. वाढवलेल्या मुदती पूर्ववत केल्या, आणि वर्षअखेरीचे खरोखर दीर्घ काम रात्री देवडीबाहेर, पहिल्या वहीच्या अखत्यारीत, परस्पर पुरे व्हावे अशी योजना केली. अर्जदाराने दिवसा यावे, पोच घ्यावी, घरी जावे आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन जावा. ज्या कचेऱ्या चांगल्या चालत त्या अशाच चालत, असे चिटणीसांनी सांगितले. कोणत्या, हे त्यांना आठवेना.

बटण दाबले. यादी डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच पडद्यावर आली. टाळ्या वाजल्या नाहीत. खजिनदारांनी पडद्याकडे आणि मग भाच्याकडे संशयाने पाहिले. “इतक्यात झालं? नीट मोजलं ना रे?” भाच्याने नम्रपणे सांगितले की, तेच आकडे, तीच बेरीज. हिशेबनिसांनी यादी छापून घेतली, घरी नेली, आणि पुढील काही दिवस लाल पेन्सिलीने ताळा करीत बसले. त्यांच्या कामाला कोणी मुदत घातली नाही. एक पैचाही फरक निघाला नाही, तथापि मंडळाच्या मनाची रुखरुख जाईना. शेवटी सर्वानुमते ठराव संमत झाला तो असा : लाभांशाचा हिशेब एवढ्या त्वरेने झाल्याचे पाहून सभासदांच्या मनात संस्थेच्या कारभाराविषयी गैरसमज उत्पन्न होण्याचा संभव आहे, सबब यादी तयार झाल्यावर ती किमान दहा सेकंद रोखून धरून मगच दाखवण्यात यावी.

भाच्याने एक ओळ वाढवून कारकुनाला दहा सेकंद झोपण्याचा हुकूम दिला; आणि लिनक्सच्या कायद्यानुसार झोप कामाच्या मुदतीत धरली जात नसल्यामुळे, ठरावास तांत्रिक हरकत घेण्यास कोणालाही जागा उरली नाही.